अक्षरं आधीची की गंज आधीचा? : जुन्या तलवारींविषयी वाचकांचे प्रश्न

नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली महाराष्ट्र शासनानं लंडनच्या सदबीजच्या लिलावातून विकत घेतली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तलवारीच तलवारी आहेत. कुणाला घरातली तपासून हवी आहे, कुणी विकत घ्यायच्या बेतात आहे. फोटोवरून मी किंमत सांगत नाही आणि शेवटचा निकालही देत नाही, पण कुठं बघायचं ते नक्की सांगता येतं. माझी उभी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामात आणि जोडकामात गेली. लोखंड कसं ओततात, कसं ठोकतात, कसं जोडतात आणि तो जोड कसा लपवतात, हे मला कागदपत्रांच्या आधी दिसतं. खालची उत्तरं त्याच नजरेनं दिली आहेत.

ओळखीच्या एका विक्रेत्यानं सरळ पात्याची तलवार आणली आहे. पात्यावर सोन्याच्या अक्षरांत ‘श्री छत्रपती शिवाजी महाराज १६७४’ असं आहे आणि खाली राजमुद्रेचा श्लोक कोरलेला आहे. साडेतीन लाख सांगतो. एका सरदार घराण्यातून आली म्हणतो, पण घराण्याचं नाव सांगायची परवानगी नाही. घ्यावी का? फोटो सोबत आहेत.
— एक वाचक, कराड

घेऊ नका. निदान त्या अक्षरांसाठी एक रुपयाही मोजू नका.

आधी आकडा बघा. १६७४ हे इसवी सन आहे. महाराजांचा राज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६, आनंदनाम संवत्सरात. त्या दरबारातला माणूस शालिवाहन शक लिहील, नाहीतर महाराजांनी नव्यानं सुरू केलेला राज्याभिषेक शक लिहील. इंग्रजांचं साल तो का लिहील? आणि विक्रेता उद्या म्हणाला की हा आकडा शकाचाच आहे, तर शके १६७४ म्हणजे इसवी सन १७५२. महाराज १६८० साली गेले. आकडा कुठूनही बसत नाही.

मग मजकूर. आज आपण ज्या आदरानं ‘छत्रपती शिवाजी महाराज’ म्हणतो, ती आपली आजची बोलण्याची रीत आहे. महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ एवढंच आहे. ‘पति’ ऱ्हस्व की दीर्घ यावरून मात्र निकाल देऊ नका. जुनं लिखाण त्या बाबतीत सैल असायचं आणि शिवराई नाण्यांवरही दोन्ही प्रकार सापडतात. राजमुद्रेचा श्लोक पात्यावर असणं हे त्याहून मोठं लक्षण. ती अष्टकोनी मुद्रा कागदावर उठवायची होती, पत्राच्या माथ्यावर. खोटं करणाऱ्याला ती लागते, कारण आज घराघरातल्या भिंतीवर ती असल्यामुळे गिऱ्हाईक ती बघताक्षणी ओळखतं.

आता खरा लेख कसा असतो ते बघा. रघूजी भोसल्यांच्या तलवारीवर पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ एवढे शब्द आहेत. कोणाची, त्याचं पद काय, हत्यार कोणत्या जातीचं (फिरंग म्हणजे फिरंगी घडणीचं पातं आणि आपली मूठ), आणि संपलं. दुसरं उदाहरण बिकानेरचं. महाराजा अनूपसिंह औरंगजेबाच्या बाजूनं दख्खनमध्ये लढत होते, आणि १६८९ मध्ये आदोनी पडल्यावर तिथल्या शस्त्रागारातली हत्यारं बिकानेरला गेली. त्यांवर बारीक टिंबं ठोकून देवनागरीत नोंदी केलेल्या आढळतात. त्याही तशाच कोरड्या आहेत, शिलेखान्याच्या माणसानं नग ओळखू यावा म्हणून केलेल्या. मालकाला स्वतःचं नाव स्वतःच्या तलवारीवर मिरवायची गरज नसते. कराडच्या तलवारीवरचा मजकूर मालकासाठी लिहिलेलाच नाही, तो तुमच्यासाठी लिहिलेला आहे.

यापुढचं काम भिंगाचं. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि जिथं अक्षर आणि गंजाचा खड्डा एकमेकांना भिडतात ती जागा शोधा. शंभर-दोनशे वर्षांच्या पात्यावर अशी जागा सापडतेच. खड्ड्यानं अक्षराची कड खाल्ली असेल, तर अक्षर आधीचं आणि गंज नंतरचा. अक्षराची रेघ खड्ड्याच्या आरपार धारदार गेली असेल, रेघेचा तळ आजूबाजूच्या पात्यापेक्षा उजळ असेल, किंवा सोनं खड्ड्याच्या आत उतरून बसलं असेल, तर गंज आधीचा आणि अक्षर नंतरचं. एवढी एक गोष्ट शिकलात तरी निम्मी फसवणूक टळेल. यात इतिहासाचं ज्ञान लागत नाही, फक्त कोणतं काम कोणत्या कामावर चढलं आहे हे बघावं लागतं. हातानं छिन्नी मारून काढलेल्या रेघेची खोली कमीजास्त होते, टोक निमुळतं होतं. फिरत्या यंत्राच्या रेघेला गोल टोकं आणि तळाशी बारीक थरथर असते. लेझरची रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची आणि काळपट दिसते.

सोन्याचंही तसंच. खऱ्या कोफ्तगरीत आधी पोलादावर बारीक उभ्याआडव्या चरा पाडतात आणि त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. हात आणि म्यान जिथं घासतं तिथलं सोनं आधी जातं आणि खाली त्या चरा उघड्या पडतात. वीजमुलाम्याचं सोनं खोबणीत, कोपऱ्यात, खड्ड्यात सगळीकडे सारखं चढतं आणि त्याच्याखाली चरा नसतात. उदयपूरला आजही कोफ्तगरीचे उत्तम कारागीर आहेत आणि नव्या वस्तू नव्या म्हणून विकतात. त्या कामाबद्दल मला आदर आहे. दोष आहे तो नव्याला जुनं म्हणणाऱ्याचा.

तुमच्या तिसऱ्या फोटोकडे मी फार वेळ बघत बसलो. पात्याच्या पाठीलगत समांतर पन्हळ्या आहेत आणि मुठीजवळ विळ्यासारखे दोन दातेरी शिक्के आहेत. जिनोव्हाच्या पात्यांवर असे शिक्के असत, आणि त्यांची ख्याती एवढी होती की जर्मनीत, कॉकेससमध्ये आणि आपल्याकडेही त्यांच्या नकला झाल्या. तेव्हा पातं युरोपातून समुद्रमार्गे आलेलं असेल किंवा इथंच त्या नमुन्यावर केलेलं असेल. पण पातं जुनं असण्याची शक्यता चांगली आहे. म्हणजे घडलं असं असावं : कुणाकडे तरी एक बिननावाची, खरीखुरी मराठी फिरंग होती. एखाद्या शिलेदाराच्या कमरेला असलेली, ज्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही. तिला गिऱ्हाईक मिळावं म्हणून तिच्यावर महाराजांचं नाव घातलं. संपूर्ण बनावट तलवारीपेक्षा मला याचा संताप जास्त येतो. बनावट तलवार हे नवं लोखंड असतं, तिच्यापायी जुनं काही जात नाही. इथं एक अस्सल हत्यार कायमचं बिघडवलं आहे. ती अक्षरं काढायची तर पात्याचं अंग घासून काढावं लागेल, आणि त्या अंगावरच तिचा सगळा इतिहास आहे.

घराण्याचं नाव सांगता येत नाही, या सबबीबद्दल. महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ठरावीक मुदतीसाठी साताऱ्याला आली. ती साताऱ्याला असलेला कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली आणि पेटीवर त्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिलेला आहे. तरीही ते संग्रहालय म्हणतं की अफजलखानाच्या वेळची वाघनखं हीच, हे पडताळून बघता आलेलं नाही. पेटी आहे, मालकाचं नाव आहे, संग्रहालयाची नोंद आहे आणि तरी एवढी सावध भाषा. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यानं साडेतीन लाख मागावेत?

आजोबांची तलवार आहे. मूठ आपल्याकडची, वर गोल वाटी असलेली. पण पात्याच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, ‘ऑसबर्न’सारखं काहीतरी. आमचे एक नातेवाईक म्हणतात, ही इंग्रजी तलवार मोडून केलेली नकली आहे. आमचं घराणं शिंद्यांच्या चाकरीत होतं.
— वाचक भगिनी, ग्वाल्हेर

ताई, नकली नाही. तुमच्या फोटोतलं पातं वाकडं आहे, टोकाकडे रुंद होत गेलं आहे, एकच रुंद पन्हळ आहे आणि लांबी तुम्ही ३३ इंच लिहिली आहे. हे सगळं १७९६ सालच्या इंग्रजी हलक्या घोडदळाच्या तलवारीशी जुळतं. ऑसबर्न हा बर्मिंगहॅमचा तलवारी करणारा होता. या पात्यांच्या पाठीवर, मुठीजवळ, करणाऱ्याचं नाव असायचं. सोलिंगेनच्या पात्यांवर रंकेल असं नावही दिसतं.

एकोणिसाव्या शतकात अशी पाती हिंदुस्थानात पुष्कळ होती आणि त्यांना देशी मूठ बसवायची रीत सर्रास होती. नोलान नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्यानं १८५३ साली लिहून ठेवलं आहे की निजामाच्या घोडदळातले स्वार इंग्रजांनी टाकून दिलेलीच पाती वापरत. फक्त त्यांना आपली मूठ आणि लाकडी म्यान असे, आणि त्यांनी केलेले घाव बघून तो थक्क झाला होता. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात काढता-घालता धार बोथट व्हायची, लाकडी म्यानात टिकायची. तेव्हा पातं एका देशाचं आणि मूठ दुसऱ्या देशाची, यात खोटं काही नाही. पातं महाग आणि टिकाऊ, मूठ बदलायची वस्तू. मराठ्यांची फिरंग तरी दुसरं काय आहे?

प्रश्न असतो तो हा जोड केव्हा झाला याचा. घोडदळाच्या काळात झाला असेल तर ती त्या काळाची तलवार. मागच्या दिवाळीत झाला असेल तर दोन जुन्या तुकड्यांची केलेली नवी वस्तू. तो फरक पुढच्या उत्तरात येतोच. तुमच्या बाबतीत मुठीच्या तोंडाशी लाखेची जुनी, काळी, तडकलेली कड स्पष्ट दिसते आणि ती पात्याच्या गंजाशी एकजीव झाली आहे. जोड जुना वाटतो. एकच विनंती : कुणी म्हणालं की पाठीवरची इंग्रजी अक्षरं घासून टाका म्हणजे मराठा तलवार म्हणून चांगली किंमत येईल, तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

मी गेली काही वर्षं जुन्या तलवारी जमवतो. जुना गंज आणि केलेला गंज यांतला फरक कळत नाही. शिवाय पातं, मूठ, म्यान सगळं जुनं, पण तलवार मात्र ‘जमवलेली’, असं एका जाणकारानं मला सांगितलं. हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, इचलकरंजी

तुम्ही विचारलंत ते या विषयाचं मर्म आहे, म्हणून सावकाश सांगतो.

नव्या पात्याला जुनं करायचं तर मिठाचं पाणी, आम्ल, ओली माती हे नेहमीचे उपाय. त्यानं येणारा गंज नारिंगी, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा असतो. मुख्य म्हणजे तो सगळीकडे सारखा येतो. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट, नखाला न निघणारा असतो आणि तो कधीही सारखा नसतो. म्यानाच्या तोंडाशी पाणी शिरतं तिथं जास्त, टोकाशी जास्त, जिथं दरवर्षी तेलाचा हात फिरला तिथं कमी. पन्हळीच्या कडेला वेगळा, पन्हळीच्या तळाला वेगळा. आम्लात बुडवलेल्या पात्याला एकाच मापाच्या खड्ड्यांची पुरळ येते आणि मधली जागा निस्तेज राखाडी होते. पण घरात दुर्लक्ष झालेल्या खऱ्या जुन्या तलवारीवरही वर नारिंगी गंज येऊ शकतो. म्हणून रंगावर थांबू नका. गंज जिथं यायला हवा तिथं आला आहे का, हे विचारा.

मग जाडी मोजायचा व्हर्निअर काढा. जुनं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. मुठीशी ६-७ मिलिमीटर आणि टोकाच्या जरा अलीकडे २-३, असा फरक सहज मिळतो. घणाखाली ओढत नेलेल्या पात्यात तो आपसूक येतो, आणि त्यामुळेच तलवार हातात हलकी लागते. साधी वाकडी तलवार म्यानाशिवाय बहुधा एक किलोच्या आसपास भरते. पत्र्यातून कापलेलं पातं किंवा गाडीच्या कमानपट्ट्यातून घासलेलं पातं सगळीकडे सारख्या जाडीचं राहतं आणि मनगटाला ओढतं. दहा ठिकाणी माप घ्या, कागदावर लिहा. विक्रेता मापं घेऊ देत नसेल तर तिथून उठा.

यंत्राच्या खुणाही बघा. पट्ट्याच्या ग्राइंडरच्या रेघा पात्याला आडव्या, एकसारख्या, एकमेकींना समांतर जातात आणि पन्हळीच्या कडा गोल करून टाकतात. शिकलगाराच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्याच्या, हाताखालच्या पात्यावर रेघा वेगवेगळ्या दिशांच्या असतात आणि कडा जागच्या जागी असतात.

आता मूठ. माझं सगळ्यात जास्त लक्ष इथं असतं, कारण पात्यावर कष्ट घेणारा नकलाकारही मुठीत आळस करतो. जुनी लोखंडी मूठ बहुतेक वेळा दोन अर्ध्या भागांत ठोकून, ते भाग पितळेच्या झाळणानं जोडून केलेली असते. आतून पोकळ. घासलेल्या जागी तो जोड बारीक पिवळसर रेघेसारखा दिसतो, आणि दिसला की मला हायसं वाटतं. त्याऐवजी कडेनं ओतकामाची शिवण दिसली, किंवा वाटीच्या आतल्या बाजूला, परजेच्या, म्हणजे बोटांवरून जाणाऱ्या पट्टीच्या, मुळाशी वेल्डिंगचा फुगीर मणी दिसला, तर प्रश्न मिटला. वेल्डिंग वरून घासून सपाट करतात, आतल्या बाजूला हात पोचत नाही म्हणून तसंच राहतं. म्हणून विजेरी घेऊन वाटीच्या खाली आणि परजेच्या आतल्या अंगाला बघा.

पात्याचा मुठीत शिरणारा दांडा आखूड असतो आणि तो लाख-राळेत बसवलेला असतो. आज जोडणारे लाखेऐवजी दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी वापरतात आणि वर काळा रंग देतात. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरला तर लाख नारिंगी छटेनं उजळते आणि बरेच इपॉक्सी निळसर पांढरे दिसतात. दिवा स्वस्त आहे, जवळ ठेवा. मात्र अस्सल मूठही घरच्यांनी मागाहून इपॉक्सीनं घट्ट केलेली असू शकते. तेव्हा हा पुरावा एकटा पुरेसा नाही.

फिरंग, धोप आणि खांडा या सरळ पात्याच्या तलवारींच्या बऱ्याच मुठींना पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरणाऱ्या पट्ट्या असतात आणि त्या रिवेटनं आरपार ठोकलेल्या असतात. तिथं रिवेटचं डोकं भिंगाखाली घ्या. जुनं डोकं आजूबाजूच्या पट्टीच्याच रंगाचं आणि तिच्याइतकंच झिजलेलं असतं. पट्टीच्या कडेला पात्यावर एखादं मोकळं, बुजवलेलं जुनं भोक दिसलं तर हे पातं कधीतरी दुसऱ्या मुठीत होतं. ते भोक जुन्या गंजानं भरलेलं असेल तर बदल जुना.

‘जमवलेली’ तलवार पकडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे झिजेचा मेळ. पातं खड्ड्यांनी भरलेलं आणि मूठ मात्र लखलखीत. किंवा मुठीवरचं सोनं हातानं पार गेलेलं, आणि पात्याची धार जणू आजवर शिकलगाराकडे गेलीच नाही. दोघांनी एकत्र आयुष्य काढलं असेल तर असं होत नाही. म्यानातही बघा. स्वतःच्या म्यानात पातं शेवटपर्यंत जातं, वाकाची रेषा जुळते, आणि म्यानाचं तोंड जिथं घासतं तिथं पात्याच्या अंगावर चकाकी आलेली असते. मखमल नवी असणं हा दोष नाही, ती बदलायचीच असते. आतलं लाकूड बघा.

मोठी रक्कम मोजणार असाल तर क्ष-किरणांनी धातूतले घटक सांगणारं हातातलं यंत्र आता मोठ्या शहरांतल्या धातू-प्रयोगशाळांत असतं आणि त्यानं पात्याला ओरखडाही जात नाही. जुन्या भट्टीच्या लोखंडात मँगनीज नगण्य असतं. आजच्या कमानपट्टीच्या पोलादात ते मिसळलेलं असतं, अनेकदा क्रोमियमही. क्रोमियम दिसलं तर पातं नवं असण्याचा संशय दाट होतो.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. विक्रेता जोहरदार पोलाद म्हणतो, इराणी कारागीर असदुल्लाचं नावही आहे. खरं असेल का?
— एक वाचक, हैदराबाद

तुम्ही योग्य गावातून विचारता आहात. तुमच्या उत्तरेला, निजामाबादकडे, कोनासमुद्रम हे गाव या पोलादासाठी दूरवर माहीत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हॉयसी नावाच्या इंग्रजानं तिथलं काम डोळ्यांनी बघून लिहून ठेवलं आहे आणि इस्फहानचा व्यापारी ते पोलाद न्यायला तिथं मुक्काम करायचा, हेही लिहिलं आहे.

या पोलादात कर्ब भरपूर, दीड टक्क्याच्या आसपास. मुशीत वितळवून सावकाश थंड केलं आणि मग बेतानं तापवून ठोकलं की नक्षी धातूच्या अंगातच तयार होते. ती वरून काढलेली नसते. म्हणून घासली तरी पुन्हा उठते, सौम्य आम्लाचा हात दिला की झालं. आज बाजारात दिसतं ते दोन प्रकारचं. एक म्हणजे दोन पोलादांचे थर जोडून, दुमडून, पिळून केलेलं. त्यातली नक्षी ठसठशीत असते, ठराविक अंतरानं तीच तीच येते आणि पात्याच्या पाठीवर थरांच्या रेषा दिसतात. हे काम जुनंही असू शकतं आणि चांगलंही, पण ते जोहरदार नव्हे. दुसरं म्हणजे साध्या पात्यावर मेणाचा लेप देऊन आम्लानं काढलेली नक्षी, निव्वळ फसवणूक. तिच्यात नख फिरवलं तर उंचसखल लागतं, आणि पन्हळीच्या कोपऱ्यात ती तुटते किंवा अचानक थांबते. खरी नक्षी बारीक, अनियमित, आणि पात्याच्या वळणाबरोबर, पाठीवरून, धारेपर्यंत अखंड जाते. घरी आम्ल लावून बघू नका. ते काम जाणकाराचं.

असदुल्लाचं नाव मात्र सोडून द्या. ते नाव शतकाशतकांच्या अंतरानं झालेल्या असंख्य पात्यांवर आहे. एक माणूस एवढं जगलाच नसता. जुन्या काळीच ते उत्तम पात्याची खूण म्हणून घातलं जात होतं. तेव्हा ते असणं म्हणजे खोटेपणा नाही आणि खरेपणाही नाही. पोलाद बघा.

दसऱ्याला शस्त्रपूजेआधी घरातली तलवार बफिंगवाल्याकडून चकचकीत करून घ्यावी का?
— एक वाचक, सांगली

मुळीच नाही. बफच्या चाकाखाली एका मिनिटात पन्हळीच्या कडा, शिक्के, लेख, जोहर सगळं जातं आणि अस्सल तलवारही बनावट दिसू लागते. पूजा जरूर करा. हळदकुंकू पात्यावर रात्रभर राहू देऊ नका, ते ओल धरतं. लिंबू पात्यावर कापू नका. पूजा झाली की कोरड्या सुती फडक्यानं पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. तलवार कायमची म्यानात ठेवू नका, म्यानातल्या चामड्यालाकडात ओल साठते.

यात्रेत एक दांडपट्टा घेतला. पातं खूप लवतं, मूठ चकचकीत आहे. फसलो का?
— एक वाचक, पन्हाळा

काय म्हणून विकला यावर ते आहे. मर्दानी खेळासाठी आज पट्टे नव्यानं होतात, पातळ स्प्रिंग पोलादाचे, आणि व्हायलाच हवेत. आखाड्यात जुना पट्टा फिरवणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे. जुना म्हणून विकला असेल तर हाताच्या खोबणीच्या आत विजेरी टाका. आतली आडवी मूठ आणि तिची जोडणी वेल्डिंगची असेल तर तो नवा. खेळासाठी ठेवा, चांगला वापरा.

आजोबांची तलवार बडोद्याच्या घरातून न्यू जर्सीला मुलाकडे न्यायची आहे.
— वाचक, न्यू जर्सी

तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर नेता येणार नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं अशी वस्तू देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे, मग ती वडिलोपार्जित का असेना. तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. शस्त्र कायद्याच्या अटी वेगळ्या, त्या स्थानिक पोलिसांकडे आणि वकिलाकडे विचारा. विक्रेत्यांचा एक नेहमीचा सल्ला असतो, ‘शोभेची वस्तू’ म्हणून जाहीर करा. तो ऐकू नका.

तुम्हाला फोटो पाठवायचे तर कसे काढू?
— बरेच वाचक

फ्लॅश बंद ठेवा. सकाळी खिडकीजवळ तलवार आडवी ठेवा म्हणजे प्रकाश तिरका येईल आणि खड्डे, अक्षरं, रेघा उठून दिसतील. शेजारी शाळेतली पट्टी ठेवा. पूर्ण तलवारीचा एक, पात्याच्या दोन्ही अंगांचे, पाठीचा मुठीपासून टोकापर्यंत, मुठीच्या तोंडाशी जिथं पातं आत शिरतं तिथला अगदी जवळून, वाटीच्या खालचा, परजेच्या आतल्या बाजूचा. मुठीशी, मधोमध आणि टोकाजवळ पात्याची जाडी मिलिमीटरमध्ये, आणि म्यानाशिवायचं वजन. तलवार कुठून आली याबद्दल घरात जे सांगतात ते वेगळ्या कागदावर लिहा, आणि ते कोणी कोणाला सांगितलं हेही लिहा. फोटो काढण्यापूर्वी तलवार घासू नका, धुळीसकट पाठवा.